कुणी ओरडलं तर बघू

ऑफिसात त्याला फ्रीज म्हणत. तोंडावर नाही, पण कुजबुजूनही नाही. दोन टेबलांपलीकडे सहज ऐकू जाईल अशा बेताच्या आवाजात. या नावाला कारणं दोन. एक म्हणजे त्याचा दिवस सर्व्हरच्या खोलीत जाई. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथे इतका गारठा राखलेला असे, की बाहेर उन्हाने डांबर वितळत असलं तरी हा गृहस्थ आत स्वेटर घालून बसलेला. दुसरं कारण, तो स्वतःही कशावर तापत नसे. बढती चुकली, तो म्हणाला, "बरं." टेबल खिडकीपासून हलवून जिन्याखाली नेलं, तो म्हणाला, "बरं." कंपनी लिफ्ट बसवायची आणि बसवलेल्या सांभाळायची, तिच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट मात्र बहुतेक वेळा बंद असायची. सगळे कंपनीच्या नावाने बोटं मोडत जिने चढत. फ्रीज नुसताच चढे.

त्याचं काम काय, हे लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एकदा बायकोने नीट समजून घेतलं होतं. एक मोठं खरं यंत्र असतं, त्याच्या पोटात बरीच आभासी यंत्रं चालतात, आणि पोटातल्या प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत.

"म्हणजे एका बंगल्यात पन्नास भाडेकरू," बायको म्हणाली होती, "आणि प्रत्येकाला वाटतंय बंगला माझ्या एकट्याचा."

"हो."

"आणि तुम्ही मालक."

"नाही. मी वॉचमन."

हा त्याने केलेला शेवटचा विनोद. हा शेवटचाच ठरणार हे माहीत असतं तर मी जरा जास्त हसले असते, असं बायको नंतर तिच्या ताईला म्हणाली.

ऑफिसच्या कामाशिवाय फ्रीज एक वार्तापत्र काढायचा. पंधरवड्यातून एकदा, त्याच्यासारख्याच थंड खोल्यांमधून बसणाऱ्या लोकांसाठी, बातम्या आणि सल्ला. बातम्या अशा, की अमुक आवृत्तीचा आधार संपतोय, तमुक आवृत्तीत भोक सापडलंय, ताबडतोब ठिगळ लावा. सल्ला असा, की स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राची त्या क्षणाची छबी, काढून ठेवला म्हणजे बॅकअप झाला, अशा भ्रमात राहू नका. वाचक मोजके, पण निष्ठावान; यात न वाचणारे पण बंद करायचाही कंटाळा करणारे धरलेले आहेत. या अंकाची संपादक बायको होती, हे वाचकांना माहीत नव्हतं. तिला त्यातलं अक्षरही कळत नसे. संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत बसे आणि तो अंक मोठ्याने वाचून दाखवे. जिथे तिला जांभई येई, तिथे तो पेन्सिलीने आडवी रेघ मारून मजकूर कापे. या पद्धतीत इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

पुढे असं झालं, की ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर फ्रीजची सगळी आभासी यंत्रं चालवायचं, तिला दुसऱ्या मोठ्या कंपनीने गिळलं. गिळणाऱ्याने नियम बदलले, आणि फ्रीजच्या साहेबांनी ठरवलं की आपण बिऱ्हाड हलवायचं; सगळी यंत्रं नव्या सॉफ्टवेअरवर न्यायची. बिऱ्हाड हलवायचं म्हटल्यावर माळ्यावरचं सामान खाली काढावं लागतं. तसं काढलं, तर निम्मी यंत्रं कुणाची आहेत हेच कुणाला सांगता येईना. ज्याने बनवली तो नोकरी सोडून गेलेला, ज्याने मागितली त्याला मागितल्याचं आठवत नाही.

अशा वेळी या धंद्यात एक जुना रिवाज आहे. यंत्राची तार काढायची, म्हणजे आभासी असलं तरी ते बंद करायचं, आणि गप्प बसायचं. ज्याचं असेल तो ओरडत येतो. महिनाभरात कुणी ओरडलं नाही, तर यंत्र पुसून टाकायचं. फ्रीजने याला ओरड-चाचणी असं नाव दिलं होतं आणि त्याच पंधरवड्याच्या अंकात त्यावर दीड पान लिहिलं होतं. वाचून दाखवताना बायकोला जांभई आली नव्हती. तिने घडी घालायचा टॉवेल तसाच मांडीवर ठेवला होता.

"आणि ओरडणाराच कुणी नसेल तर?" तिने विचारलं.

"तर यंत्राची गरज नव्हती."

"असं?"

"असं."

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात असायची. फोन स्पीकरवर होता. "बाबा, तुम्ही आजोबा होणार आहात."

"बरं," फ्रीज म्हणाला.

बायकोने डोळे पुसता पुसता त्याच्याकडे पाहिलं. "बरं? बरं काय?"

"म्हणजे चांगलं."

तसं त्याला वाटलंही होतं. चांगली बातमी आहे हे त्याला कळत होतं. जसं एखाद्या यंत्राचा हिरवा दिवा लागलेला दिसतो, तसं दिसतही होतं. पण पुढे काही होत नव्हतं. कधीपासून हे असं झालं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. काही आघात नाही, आजारपण नाही. एकेक करून तारा निघाल्या असाव्यात आणि त्या वेळी कुणी ओरडलं नसावं.

चार-पाच दिवसांनी बायको बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"अहो. मी ताईकडे जातेय राहायला."

"बरं."

"किती दिवस, ते विचारणार नाही?"

"किती दिवस?"

"तुमच्याच नियमाने. महिनाभर. तोवर इथून कुणी ओरडलं, तर बघू. नाही ओरडलं तर सामान न्यायला टेम्पो येईल."

फ्रीजने नियम मनातल्या मनात तपासला. त्यात चूक सापडली नाही. "बरं," तो म्हणाला.

ती एक चप्पल पायात आणि एक हातात अशी जरा वेळ थांबली. "निदान एवढं तरी विचारा, की मी चेष्टा करतेय का."

"करतेयस का?"

"नाही."

ती गेली. मग त्याला दिसलं की तिचा चार्जर भिंतीलाच राहिलाय. त्याने मेसेज पाठवला, 'चार्जर राहिला.' तिचं उत्तर लगेच आलं. 'ही ओरड समजू का?' त्याने विचार केला आणि खरं होतं ते लिहिलं. 'नाही. सूचना आहे.'

इकडे ऑफिसात ज्या यंत्रांच्या तारा त्याने काढल्या, त्यांत एक चिमणी होतं. चिमणी हे त्या यंत्राचं नाव. कुणी ठेवलं, का ठेवलं, काही पत्ता नाही. बाकीच्या यंत्रांचे मालक पहिल्या दोन दिवसांत बोंबलत आले. चिमणीसाठी कुणी आलं नाही. फ्रीजने सगळ्यांना मेल पाठवली, त्यालाही उत्तर नाही. दिवस जात राहिले.

घरी काही बदल झाले. फ्रीजने ते पाहिले. बैठकीतलं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं. त्याचे सेल कुठे असतात ते त्याला माहीत नव्हतं. मोबाइलमध्ये वेळ दिसते, म्हणून त्याने शोधले नाहीत. फाटकासमोर शेजारी आपली गाडी पुन्हा आडवी लावू लागला. पूर्वी बायको गॅलरीतून अशी ओरडायची, की गाडीच काय, गाडीशेजारचा कुत्राही हलायचा. आता फ्रीज पोट आत घेऊन, बॅग डोक्यावर धरून गाडी आणि भिंत यांच्यामधून तिरका जाई. कुंड्यांना तो वेळच्या वेळी पाणी घालत होता, तरी दोन झाडं गेली. एकदा आंघोळीनंतर सवयीने त्याने आतून हाक मारली, "अगं, टॉवेल." उत्तर आलं नाही. यंत्राला हाक मारून उत्तर आलं नाही की तो जशी नोंद घेई, तशी त्याने नोंद घेतली, आणि ओल्या अंगाने जाऊन टॉवेल आणला.

दुखत नव्हतं, हीच पंचाईत होती. दुखलं असतं तर ओरडता आलं असतं.

अंकाची लांबी मात्र वाढली. कुठे कापायचं हे समजत नव्हतं, म्हणून त्याने काहीच कापलं नाही. एका वाचकाने कळवलं, 'तुमचा अंक हल्ली जिन्यासारखा वाटतो. चढतोय, चढतोय, मजला काही येत नाही.' फ्रीजने आभार मानले.

लेकीने फोन केला. "बाबा, तुम्ही आईला फोन का करत नाही?"

"काय सांगू?"

"ये म्हणा. एवढंच."

"ती नियमाने गेलीय."

"नियम तुमचाच आहे ना? मग बदला की."

"मध्येच बदलला तर चाचणीला अर्थ राहत नाही."

लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला एकदा बंद करून परत चालू करायला हवं."

"ते शेवटी करतात," फ्रीज म्हणाला. "आधी इतर उपाय बघतात."

महिना भरत आला तेव्हा साडूचा फोन आला. साडू म्हणजे ताईचा नवरा, निवृत्त माणूस, बोलका, आणि सध्या त्रासलेला.

"साडूभाऊ, रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतोय. ते लाकडी कपाट कुणाचं? तुमचं की आमच्या बाजूचं?"

"तिचं."

"झालं. म्हणजे दोरखंड लागणार." साडू आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, मी स्वतःसाठी बोलतोय. इथे दोघी बहिणी दिवसभर बोलतात. मला माझ्याच घरात टीव्हीचा रिमोट दिसलेला नाही. तुम्ही नुसतं खोका, मी आत जाऊन सांगतो, ओरडले म्हणून."

फ्रीजला खोकला येत नव्हता. तसं त्याने सांगितलं.

"धन्य आहे," साडू म्हणाला.

गुरुवारी चिमणीचा महिना भरला. फ्रीजने स्वतःच्याच सल्ल्याप्रमाणे आधी तिचा बॅकअप वेगळ्या जागी काढून ठेवला, मग तिला पुसलं. पुसताना यंत्र विचारतं, नक्की का? त्याने 'होय' दाबलं. त्याला काही वाटलं नाही.

शुक्रवारी सर्व्हरच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"माझी चिमणी कुणी मारली?"

आलेला माणूस दोरवाला होता. लिफ्ट ज्या पोलादी दोरांवर लटकते ते दोर तपासणं हे त्याचं काम. सहा-सहा महिने तो शहरभरच्या लिफ्टच्या छपरांवर बसून दोर मोजत फिरे, आणि वर्षातून दोनदा ऑफिसात येऊन ती मापं एका यंत्रात घाली. मग यंत्र सांगे, कुठल्या इमारतीचा दोर किती झिजला आणि कधी बदलायचा. ते यंत्र म्हणजे चिमणी.

"ती महिनाभर बंद होती," फ्रीज म्हणाला. "तुम्ही ओरडला नाहीत."

"मी महिनाभर हवेत लोंबकळत होतो. मला स्वप्न पडणार होतं का?"

"मेल पाठवली होती."

"मेल लिफ्टच्या छपरावर येत नाही. तिथे फक्त कबुतरं येतात."

"पण महिनाभर तिची गरज लागली नाही, याचा अर्थ..."

"याचा अर्थ ती इथे आहे, असं मी धरून चाललो होतो," दोरवाला म्हणाला. त्याला थंडी वाजायला लागली होती, त्यामुळे राग थोडा थरथरत होता. "जे असणारच, त्याच्यासाठी कुणी रोज ओरडतं का? पाय आहेत, म्हणून तुम्ही रोज सकाळी उठून पाय, पाय असं ओरडता का? लागलं की माणूस हात लावून बघतो. मी आज हात लावला. ती नाही. आता ओरडतोय. उशीर झाला का?"

फ्रीजने 'बरं' म्हणायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं.

"काय झालं?" दोरवाल्याने विचारलं.

"काही नाही. बसा. बॅकअप आहे."

खुर्ची एकच होती, तिच्यावर त्याने दोरवाल्याला बसवलं आणि आपला स्वेटर काढून दिला. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने डावीकडून उजवीकडे निघाली. दोघं तिच्याकडे बघत राहिले.

"येईल ना परत?"

"येईल. पण मधल्या महिन्याचं तिला काही माहीत नसेल. ज्या दिवशी तार काढली, तोच दिवस अजून चालू आहे असं तिला वाटेल."

"म्हणजे रागावलेली नसणार."

"नाही. यंत्र आहे."

"सोय आहे," दोरवाला म्हणाला. "आमच्या घरी असलं काही मिळत नाही. आमच्याकडे मधल्या सगळ्या दिवसांचा हिशोब होतो."

स्वेटर नसल्यामुळे फ्रीजच्या हातांवर काटा आला होता. तो त्याने बराच वेळ पाहिला.

शनिवारी त्याने नवा अंक लिहायला घेतला. नेहमी तो आधी बातम्या लिहायचा. या वेळी सल्ला आधी लिहिला. तो फक्त चार ओळींचा झाला, आणि त्या ओळी लिहायला दुपार गेली.

रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजायला लागला. फ्रीज गॅलरीत आला. टेम्पो फाटकाबाहेर अडला होता, कारण शेजाऱ्याची गाडी आडवी. साडू खांद्यावर दोरखंड टाकून गाडीच्या आणि भिंतीच्या फटीत अडकला होता आणि मान वर करून बघत होता.

"साडूभाऊ, याला हलवायला सांगा हो."

फ्रीजने शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड केलं. श्वास घेतला. "जरा गाडी," तो म्हणाला. समोरच्या तारेवर बसलेलं पाखरूसुद्धा उडालं नाही.

साडू अंग सोडवून वर आला, दार लोटून आत आला, आणि कपाटाचा अंदाज घेत उभा राहिला. फ्रीज फोन कानाला लावून थांबलेल्या घड्याळाखाली उभा होता.

"हॅलो," पलीकडून बायको म्हणाली. "टेम्पो पोचला का?"

"पोचला. गाडी आडवी आहे, आत येत नाही."

"तो मेला अजून लावतोच का तिथे? तुम्ही काही बोलला नाहीत त्याला?"

"बोललो. ऐकू गेलं नाही."

"मग फोन कशाला केलात?"

"ओरडायला."

साडूने कपाटावरचा हात काढला.

"हा आवाज?" बायको म्हणाली.

"एवढाच आहे. चढवून बघितला. चढत नाही."

पलीकडे मागे ताई कुणाला तरी गप्प राहायला सांगत होती, बहुधा कुकरला.

"कशाबद्दल ओरडताय?"

फ्रीजने घरभर नजर फिरवली. "घड्याळ बंद आहे."

"सेल शिवणाच्या डब्यात आहेत. आणखी?"

"झाडं गेली. दोन."

"पाणी जास्त घातलं असणार. आणखी?"

"अंक लांबतोय."

फ्रीजने शनिवारी लिहिलेल्या कागदाकडे पाहिलं.

"वाचकांची तक्रार आहे," तो म्हणाला. "वाचून दाखवू?"

"आत्ता? खाली टेम्पो उभा असताना?"

"हो."

"वाचा," ती म्हणाली.

त्याने कागद घेतला. साडू खुर्चीच्या कडेवर टेकला. फ्रीज जसा यंत्रांच्या बातम्या वाचे, तशाच सपाट आवाजात वाचू लागला.

"'मागे एका अंकात दिलेला सल्ला चुकीचा होता. महिनाभर कुणी ओरडलं नाही तर यंत्र पुसून टाका, असं आम्ही लिहिलं होतं. ज्याच्यावर सगळा भार असतो त्याच्यासाठी कुणी ओरडत नाही, कारण ते असणारच असं धरलेलं असतं. तार काढण्याआधी स्वतः जाऊन विचारा. आणि न ओरडणाऱ्यालाही विचारा. कधीकधी त्याची स्वतःचीच तार निघालेली असते.'"

तो थांबला. कान देऊन ऐकलं. जांभई आली नव्हती. पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. दोघी बहिणींपैकी नक्की कोण, ते कळलं नाही.

"बरं," बायको म्हणाली. "पुढे?"

"'बातम्या. नव्या सॉफ्टवेअरच्या ताज्या आवृत्तीत आभासी यंत्र एका खऱ्या यंत्रावरून दुसऱ्यावर चालतं ठेवून हलवण्याची सोय सुधारली आहे. तथापि दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर एकाच पिढीतले असावेत, तसंच साठवणीची जागा सामायिक असावी, तसंच जाळ्याची रचना...'"

पलीकडून जांभई आली. लांब, सावकाश, शेवटी जबडा कट्कन वाजणारी. इतक्या वर्षांची ओळखीची.

फ्रीजने खिशातून पेन्सिल काढली. कागद हातातच होता, त्यामुळे रेघ वाकडी आली. त्याने 'तथापि'पासून परिच्छेदाच्या शेवटापर्यंत सगळं कापलं. मग कपाटावर कागद टेकवून आणखी एक रेघ मारली, सरळ.

"कापलं?" तिने विचारलं.

"कापलं."

"मग वाचा ना पुढे. थांबलात कशाला?"

खालून हॉर्न वाजला. साडू उठून गॅलरीपर्यंत गेला, खाली डोकावला आणि परत आला. "अहो साडूभाऊ," तो हळूच म्हणाला, "ड्रायव्हर विचारतोय, काय करायचं. त्याला काय सांगू?"

फ्रीजने फोनवर हात ठेवला.

"थांब म्हणावं," तो म्हणाला. "अजून दोन परिच्छेद आहेत."